ब्रिस्टलच्या बाजारातली बंडखोर प्रार्थनागृहं

भटकी_वाट

इथे इंग्लंडात, ब्रिस्टलला, 'कुकर' म्हटलं की दुकानदार स्वयंपाकाची शेगडी दाखवतो. त्यामुळे प्रेशर कुकरची रिंग शोधत ब्रॉडमीडच्या बाजारात तासभर हिंडून मी रिकाम्या हाताने परत निघाले होते, तेवढ्यात पावसाने गाठलं. आडोसा शोधताना दुकानांच्या ओळीत एक छोटंसं अंगण दिसलं, आणि अंगणात घोड्यावर बसलेला पुतळा. अश्वारूढ पुतळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तलवार आणि उधळलेला घोडाच येतो. हा गृहस्थ मात्र शेजारच्या गावी बारशाला निघाल्यासारखा निवांत. नाव जॉन वेस्ली, मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचा जनक. मागची इमारत म्हणजे 'न्यू रूम', खास मेथडिस्टांसाठी बांधलेली जगातली सर्वांत जुनी वास्तू. साल १७३९.

पाऊस थांबेपर्यंत दहा मिनिटं बसू म्हणून आत शिरले आणि दीड तासाने बाहेर आले.

आत मूर्ती नाही, चित्र नाही, सोनेरी नक्षी नाही. फिकट भिंती, लाकडी बाकं, चहूबाजूंनी सज्जा आणि समोर दोन मजली व्यासपीठ. मान वर केली की छतात अष्टकोनी झरोका, सगळा उजेड तिथून आणि उंचावरच्या खिडक्यांतून येतो. तळमजल्याला खिडक्याच नाहीत. तिथल्या आजोबा स्वयंसेवकांना कारण विचारलं, तर म्हणाले, "दगड." बाहेरचा जमाव दगड मारायचा म्हणून खिडक्या वर नेल्या. शिवाय खिडक्यांवर तेव्हा कर होता, तोही थोडा वाचला. वरच्या मजल्यावर फिरत्या प्रचारकांच्या निजायच्या खोल्या आहेत आणि झरोक्याच्या काचांतून तिथून खाली सभागृहात डोकावता येतं. कोण आलंय, कोण डुलक्या घेतंय, सगळं दिसत असणार.

प्रार्थनेच्या जागेला लोक दगड का मारतील, या प्रश्नाने माझा पुढचा महिना खाल्ला. त्यातून जे हाती आलं ते इथे टाकते आहे. चुकलं तर सांगा.

इंग्लंड प्रॉटेस्टंट झालं म्हणजे सगळे प्रॉटेस्टंट गुण्यागोविंदाने नांदू लागले, असं मला शाळेच्या इतिहासावरून वाटायचं. तसं झालं नाही. राजा हाच चर्चचा प्रमुख. प्रार्थना कुठल्या पुस्तकातून म्हणायची, पाळकाने झगा कुठला घालायचा, सगळं कायद्याने ठरलेलं. हे ज्यांना पटलं नाही ते डिसेंटर. १६६२च्या कायद्यामुळे सुमारे २००० पाळकांना आपली जागा सोडावी लागली. १६६४ला नियम आला की घरच्या माणसांखेरीज पाच किंवा जास्त लोक सरकारी पद्धत सोडून उपासनेला जमले तर गुन्हा. १६७०ला तो सुधारला, म्हणजे आणखी वाईट केला: प्रवचन देणाऱ्याला पहिल्या वेळी २० पौंड दंड, आणि दंडाचा तिसरा हिस्सा खबर देणाऱ्याला! चुगलीचा धंदाच सुरू झाला म्हणा ना.

न्यू रूमपासून दोन-चार मिनिटांवर, युनियन स्ट्रीटला, दुकानांच्या डोक्यावर ब्रॉडमीड बॅप्टिस्ट चर्च आहे (बॅप्टिस्ट म्हणजे बाप्तिस्मा जाणत्या वयातच द्यावा असं मानणारे). इमारत १९६०च्या दशकातली. पाटी वाचली नाही तर मॉलचा वरचा मजला वाटेल. पण मंडळी १६४०ची. त्यांच्यातल्या एडवर्ड टेरिल नावाच्या सभासदाने मंडळीची बखर लिहून ठेवली आहे, ती मी वाचते आहे. १६७०च्या दशकातली एक हकिकत त्यातच मिळाली.

खबरे येणार हे ठाऊक असायचंच. म्हणून मंडळींनी खोलीत एक पडदा टांगला. प्रवचन देणारा थोड्या लोकांबरोबर पडद्याआड उभा राहायचा, म्हणजे बाहेरच्या बाजूला शिरलेल्या खबऱ्याला आवाज ऐकू येईल, पण तोंड दिसणार नाही. बायका जिन्याच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसायच्या, कारण बायकांच्या अंगावरून तुडवत अधिकारी पटकन वर येऊ शकत नसे. तो येतोय अशी वर्दी मिळाली की प्रवचनकार गुपचूप गर्दीत खाली बसायचा, पडदा बाजूला सरकवला जायचा आणि सगळे मिळून स्तोत्र गायला लागायचे. अधिकारी धापा टाकत वर पोचतो तर शंभर तोंडं एका सुरात गाताहेत. आता यातला प्रवचनकार कोण ते सांगा!

लेविन्स मीडच्या प्रार्थनागृहाबद्दलही लिहायचं आहे, कारण तिथे आपल्याकडचा एक मोठा माणूस येतो. पण आज हात दुखले.

वाचनमात्र

मस्त! पडद्याची गोष्ट वाचून वर्गात मास्तर यायच्या आधी पाढे सुरू करणारी आमची चौथी-ब आठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

शंकासुर

लेख छान, पण शीर्षकात 'बंडखोर' आणि पहिलंच उदाहरण वेस्लीचं, हे काही जुळत नाही. वेस्ली डिसेंटर नव्हताच. तो चर्च ऑफ इंग्लंडचा दीक्षित पाळक आणि १७९१ला मरेपर्यंत स्वतःला तसाच मानत होता. मेथडिस्ट वेगळे झाले ते त्याच्यामागे. ब्रॉडमीडचे बॅप्टिस्ट आणि वेस्ली एकाच पिशवीत भरू नका.

भटकी_वाट

शंकासुर, मान्य. पण त्याच्या वरिष्ठांना तो बंडखोरच वाटत होता. आपापल्या परगण्यात, चर्चच्या छपराखाली बोलायचं, हा शिरस्ता. त्याचा सहकारी प्रचारक व्हाइटफिल्ड याने १७३९च्या फेब्रुवारीत किंग्जवुडच्या कोळसा खाणकामगारांपुढे उघड्यावर प्रवचनं सुरू केली आणि वेस्लीला बोलावून घेतलं. ऑक्सफर्डमध्ये शिकवलेला, टापटिपीचा माणूस हा. चर्चबाहेर कुणाचा उद्धार होणं हेच आजवर पाप वाटत होतं, असं त्याने रोजनिशीत कबूल केलंय. २ एप्रिलला तो शहराबाहेरच्या जागेत उभा राहिला, समोर त्याच्या अंदाजाने ३००० माणसं. त्याच उन्हाळ्यात ब्रिस्टलचे बिशप बटलर यांनी त्याला बोलावून खडसावलं आणि इथून चालते व्हा असं सुचवलं. हा गेला नाही.

आणि एक गंमत सांगते. न्यू रूम बांधताना कर्ज झालं. १७४२ला ते फेडायचं कसं यावर बैठक बसली. कॅप्टन फॉय नावाचे गृहस्थ म्हणाले, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणालं, गरिबांना तेही झेपणार नाही. फॉय म्हणाले, अकरा गरीब माझ्याकडे लावा. त्यांनी दिलं तर दिलं, नाहीतर त्यांचं मी भरतो. थोडक्यात भिशी! पण वसुलीसाठी दर आठवड्याला घरोघर गेल्यावर कळायला लागलं की कोण आजारी आहे, कोण दारू पिऊन बायकोला मारतो. वेस्लीच्या ध्यानात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. यातून 'क्लास मीटिंग' निघाली आणि अख्खा मेथडिस्ट पंथ जगभर त्या सांगाड्यावर उभा राहिला. कर्जाच्या हप्त्यातून!

नगरी_चहा

भिशीवरून आमच्या मंडळीतली शनिवारची घरप्रार्थना आठवली. त्यातही वर्गणीची वही असतेच.

मी नगरचा, चार पिढ्यांचा ख्रिस्ती. हा धागा वाचताना 'आपलंच' वाटतंय आणि त्याला कारण आहे. नगरला १८३१पासून जी अमेरिकन मराठी मिशन काम करत होती, ते लोक काँग्रिगेशनल पंथाचे. म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या ज्या लोकांना सरकारी चर्च नको होतं, त्यातले काही समुद्र ओलांडून मॅसॅच्युसेट्सला गेले, त्यांचेच वारस. १८१३ला ते मुंबईत उतरले आणि तिथून आमच्याकडे आले. प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण बघायचा, वर बिशप नको, हे त्यांचं तत्त्व. अर्थात ते तत्त्व इथे राबवताना मिशनरी साहेबच बिशपासारखे वागायचे, असं आजोबा सांगायचे.

म्हणूनच रेव्हरंड टिळकांचं मला अप्रूप वाटतं. १८९५ला बाप्तिस्मा घेतला, मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, कीर्तनं केली, अभंग रचले आणि १९१७ला मिशन सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा. डिसेंटरांच्या घरात जाऊन डिसेंट करणारा आमचा कवी!

अवांतर: ज्यांना तुम्ही 'सभासद' म्हणताय त्यांना आम्ही 'मंडळीतला' म्हणतो. 'मंडळी' हा शब्द तुम्ही बरोबर वापरलात, बरं वाटलं.

आजीचा_बटवा

बायका जिन्यावर बसल्या, हे एका ओळीत उरकलंत की हो. १६४०ची मंडळी कुणी सुरू केली तेही सांगा. मला वाटतं तिथेही एक बाईच होती.

भटकी_वाट

होती! डॉरथी हॅझर्ड. तिच्यासाठी वेगळा लेख लिहायचा म्हणून राखून ठेवली होती, पण घ्या.

पहिल्या नवऱ्यामागे ती हाय स्ट्रीटला किराणा दुकान चालवायची. नाताळ पाळावा असं बायबलमध्ये कुठे लिहिलंय, असं कर्मठ प्युरिटनांचं, म्हणजे चर्च आणखी 'शुद्ध' करा म्हणणाऱ्यांचं, म्हणणं. म्हणून ही बाई नाताळच्या दिवशी, सगळा बाजार बंद असताना, दुकान उघडून दारात शिवण घेऊन बसायची. ऐन दिवाळीच्या पाडव्याला दार उघडून गिरणी सुरू करावी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत बसावं, तसं काहीसं. पुढे तिने दुसरं लग्न केलं ते कुणाशी? मॅथ्यू हॅझर्डशी, म्हणजे सरकारी चर्चच्या पाळकाशी. १६४०ला ब्रॉड स्ट्रीटच्या घरात ती आणि आणखी चौघे बसले: स्टेपलटन गावचा अ‍ॅटकिन्स, कोल नावाचा खाटीक, मून नावाचा नालबंद आणि बेकन नावाचा तरुण धर्मोपदेशक. ठरलं असं की पुस्तकातली ठरीव प्रार्थना ऐकायला जायचं नाही. प्रवचन मात्र ऐकायचं. म्हणजे पाळकाची बायको आणि तिचे सोबती, नवऱ्याची छापील प्रार्थना संपेपर्यंत बाहेर राहणार आणि तो मनचं बोलायला लागला की आत येणार. घरी जेवताना काय बोलणं होत असेल दोघांचं?

१६४३ला राजा विरुद्ध पार्लमेंट अशा यादवी युद्धात राजाकडच्या राजपुत्र रूपर्टने शहरावर हल्ला केला, तेव्हा हीच डॉरथी बायकांना घेऊन फ्रूम वेशीवर गेली आणि लोकरीचे गठ्ठे नि माती रचून त्यांनी वेस बुजवून टाकली. गव्हर्नरला निरोप दिला: लढा, आम्ही मुलाबाळांसकट तोफांपुढे उभ्या राहतो. गव्हर्नरने शरणागती पत्करली.

त्या मंडळीत फ्रान्सिस नावाची एक काळी मोलकरीणही होती. टेरिलने तिच्या भक्तीबद्दल आदराने लिहिलंय. १६४०च्या आसपासच्या इंग्लंडमध्ये एका काळ्या मोलकरणीची अशी नोंद मिळणं मला फार मोठं वाटलं.

शंकासुर

फ्रान्सिसचा उल्लेख केलात म्हणून विचारतो. हे ब्रिस्टल आहे. अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारावर गबर झालेलं बंदर. या धर्मनिष्ठ डिसेंटरांचे हात स्वच्छ होते का? नाहीतर आपण पडदा आणि स्तोत्रं यांत रमून जायचो.

भटकी_वाट

नव्हते. क्वेकरांचंच बघा. थॉमस गोल्डनी हा क्वेकर किराणा व्यापारी, वुड्स रॉजर्सच्या लुटारू सफरीत त्याने पैसे घातले आणि भरपूर कमावले. क्वेकर भांडवलावर चालणाऱ्या पितळेच्या कारखान्यांचा माल आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात जायचा. इंग्लंडच्या क्वेकरांनी गुलामांच्या व्यापारात असलेल्यांना संस्थेबाहेर काढायचं ठरवलं ते १७६१ला. त्याआधीची पिढी प्रार्थनाही करत होती आणि हिशोबही.

दुसरी बाजूही आहे. वेस्लीने १७७४ला गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि १७८८ला खुद्द न्यू रूममध्ये, त्या बंदराच्या पोटात उभं राहून, याच विषयावर बोलला. मधेच सभेत अचानक काहीतरी गडबड उडाली, माणसं एकमेकांवर पडली, बाकं मोडली आणि काही मिनिटांनी सगळं शांत झालं, असं त्याने रोजनिशीत लिहिलंय. त्याला ते सैतानाचं काम वाटलं. मला वाटतं समोर बसलेल्या काहींच्या पोटावर पाय आला असावा.

आणि गुलामांच्या व्यापारातल्या ज्या कोल्स्टनचा पुतळा ७ जून २०२०ला लोकांनी ओढून गोदीत फेकला, तो सरकारी चर्चचा कट्टर. त्याच्या धर्मादाय शाळेतल्या पोरांना डिसेंटराकडे उमेदवारीला पाठवायची मनाई होती. म्हणजे गुलामांच्या पैशातून दानधर्म, आणि तोही फक्त आपल्या पंथाला.

गिरगावचा_गणू

क्वेकर कोण ते कुणी सांगेल का? मला फक्त ओट्सच्या डब्यावरचा टोपीवाला माहीत आहे.

भटकी_वाट

गणू, त्या डब्याचा आणि पंथाचा संबंध फक्त नावापुरता. क्वेकर म्हणजे पाळक नाही, वेदी नाही, ठरलेली प्रार्थना नाही. सगळे गप्प बसतात, आतून प्रेरणा झाली तर कुणीही उठून बोलतं, बाईसुद्धा. कोर्टात शपथ घेत नाहीत (नेहमीच खरं बोलायचं तर शपथ कशाला?), मोठ्या माणसापुढे टोपी काढत नाहीत. त्यांच्यासाठी १६६२ला वेगळा कायदाच करावा लागला.

ब्रिस्टलमधली त्यांची सर्वांत विचित्र घटना १६५६ची. ऑक्टोबरमधला धो धो पाऊस, गुडघाभर चिखल. जेम्स नेलर नावाचा क्वेकर घोड्यावर, भोवती काही बायका-पुरुष 'पवित्र, पवित्र, पवित्र' असं गात चालल्यात. येशूच्या यरुशलेम प्रवेशाची नक्कल. त्यांच्या मते हे प्रत्येकात असलेल्या ख्रिस्ताचं चिन्ह होतं. शहराच्या मते हा माणूस स्वतःला देव म्हणवत होता. खटला थेट पार्लमेंटपुढे गेला. फाशीचा प्रस्ताव ९६ विरुद्ध ८२ मतांनी पडला, म्हणून जीव वाचला. पण फटके मारले, जीभ तापल्या सळईने भोसकली, कपाळावर 'बी' (ब्लास्फेमर, म्हणजे देवनिंदक) अक्षर डागलं. मग परत ब्रिस्टलला आणून, घोड्यावर शेपटीकडे तोंड करून बसवून त्याच रस्त्यांवरून फिरवलं. धिंड! या एका शब्दासाठी इंग्रजीत मला तेवढ्याच ताकदीचा शब्द अजून सापडलेला नाही.

हे सगळं करणारं पार्लमेंट प्युरिटनांचं होतं, राजाचं नव्हे. कालचे छळलेले.

१६८२ला तर शहरातले झाडून सगळे मोठे क्वेकर तुरुंगात गेले, तेव्हा त्यांच्या मुलांनी सभा चालू ठेवल्या. मुलांना छडीने मारलं, काहींना कोंडलं, तरी पुढच्या वेळी ती परत येऊन गप्प बसायची.

त्यांचं सभागृह 'क्वेकर्स फ्रायर्स' अजून उभं आहे. मूळ जागा डॉमिनिकन मठाची, १६७०ला क्वेकरांनी तिथे सभागृह केलं, आजचं बांधकाम १७४०च्या दशकातलं. पेनसिल्व्हेनियावाल्या विल्यम पेनने दुसरं लग्न १६९६ला इथल्या क्वेकर सभेत केलं. पुढे विसाव्या शतकात क्वेकर निघून गेले आणि तिथे काय आलं? विवाह नोंदणी कार्यालय! १७५३च्या कायद्याने क्वेकर आणि ज्यू सोडून बाकी सगळ्यांना लग्न सरकारी चर्चमध्येच लावावं लागे, बॅप्टिस्टांनासुद्धा. ती सक्ती १८३७ला संपली. त्यामुळे या वास्तूत सरकारी नोंदणी कचेरी यावी, यात मला काव्य दिसतं. त्यानंतर मात्र रेस्टॉरंट आलं. बाहेर मॉलचं अंगण, उन्हात खुर्च्या टाकलेल्या.

वाचनमात्र

लेविन्स मीडचं काय झालं? हात बरे झाले असतील आता.

भटकी_वाट

झाले :)

लेविन्स मीडचं चॅपल १७८८ ते १७९१मध्ये बांधलं. ही युनिटेरियनांची जागा. ते देवाचं त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव) मानत नाहीत. देव एकच, येशू थोर गुरू. म्हणजे डिसेंटरांतलेही डिसेंटर. १६८९ला सहिष्णुतेचा कायदा आला त्यात बॅप्टिस्ट, क्वेकर सगळे बसले, पण त्रैक्य नाकारणारे नाही. त्यांना मोकळीक मिळाली १८१३ला. पण इमारत बघा तर लपायची भाषा नाही. भारदस्त दगडी दर्शनी भाग, श्रीमंत व्यापाऱ्यांची मंडळी. स्थापत्यकार विल्यम ब्लॅकबर्न, जो तुरुंग बांधण्यासाठी प्रसिद्ध होता!

१८३३च्या सप्टेंबरमध्ये इथल्या बाकांवर राजा राममोहन रॉय येऊन बसले. इथले पाळक लँट कार्पेंटर त्यांचे चाहते. राममोहन शहराबाहेर स्टेपलटनला उतरले होते. तिथेच मेंदूज्वराने आजारी पडले आणि २७ सप्टेंबरला गेले. कुठल्याही पंथाचा विधी न करता, बंगल्याच्या आवारातच गप्प उभं राहून त्यांना पुरलं. दहा वर्षांनी द्वारकानाथ ठाकुरांनी अवशेष आर्नोज व्हेल दफनभूमीत हलवून वर छत्री बांधवली. इंग्लिश थडग्यांच्या गर्दीत ती छत्री बघताना गलबलून येतं.

पण मला ज्याने झोप येईना ते हे. १८२०ला राममोहननी येशूचा नीतिबोध वेगळा काढून छापला, चमत्कार आणि देवत्व वगळून. त्यावर तुटून कोण पडलं? श्रीरामपूरचे बॅप्टिस्ट जोशुआ मार्शमन. हे मार्शमन मूळ कुठले मंडळीतले? ब्रॉडमीड! १७९४ला ब्रिस्टलला येऊन ते त्या मंडळीत सामील झाले, तिथल्याच धर्मादाय शाळेत शिकवत होते आणि १७९९ला बंगालला गेले. तीन वर्षं वाद चालला. राममोहन आपली उत्तरं कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशन प्रेसमध्ये छापून घेत होते. शेवटचं उत्तर छापायला प्रेसने नकार दिला. मग त्यांनी स्वतःचा छापखाना काढला.

बोलणाऱ्याचं तोंड दिसू नये म्हणून ज्यांच्या पूर्वजांनी पडदा टांगला, त्यांच्याच पंथाच्या लोकांनी दुसऱ्याला बोलू द्यायला छापखान्याचं दार लावलं. ब्रॉडमीड आणि लेविन्स मीड यांच्यात चालत दहा मिनिटं नाहीत. मी मोजून आले.

शंकासुर

मार्शमनवर जरा अन्याय होतोय. आपलं पुस्तक कुणी खोडून काढत असेल तर ते आपल्याच छापखान्यात का छापावं? नकार म्हणजे बंदी नव्हे. आणि श्रीरामपूरकरांचं मराठीवरचं ऋण विसरू नका. मार्शमनचे सहकारी विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथांच्या मदतीने १८०५ला मराठीचं व्याकरण आणि १८१०ला मोडी लिपीत कोश छापला. कंपनी सरकारला मिशनरी नको होते म्हणून हे लोक डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात राहिले होते. म्हणजे तिथेही पडद्याआडच!

भटकी_वाट

पडद्याआडच! हे सुचलं नव्हतं, घेते. छापखान्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

गिरगावचा_गणू

आमच्या गिरगावच्या प्रार्थना समाजाचा या युनिटेरियनांशी संबंध होता ना? लहानपणी त्या स्टॉपवर उतरायचो, एवढाच माझा अभ्यास.

नगरी_चहा

होता. समाज १८६७चा. त्याच्या आदल्याच वर्षी लँट कार्पेंटरची लेक मेरी कार्पेंटर हिंदुस्थानात आली होती, मुंबईतही. आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले ते युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर. ते कॉलेज 'मँचेस्टर' का, तर डिसेंटरांना ऑक्सफर्डचे दरवाजे बंद होते, म्हणून त्यांनी १७८६ला मँचेस्टरला आपली शाळा काढली आणि बंदी उठल्यावर शंभरेक वर्षांनी ऑक्सफर्डला नेली. दाराबाहेर ठेवलेल्यांच्या कॉलेजातून शिकून आलेल्या शिंद्यांनी १९०६ला अस्पृश्यांसाठी मिशन काढलं.

आजीचा_बटवा

केडगावची आठवण काढल्याशिवाय हा धागा पुरा होऊ नये. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने अ‍ॅशले डाउनला अनाथालयं काढली. पाच प्रचंड इमारती, एका वेळी दोन हजारांवर मुलं. कुणाकडे पैसे मागायचे नाहीत, फक्त प्रार्थना करायची, हा त्याचा नेम. त्याचं चरित्र पंडिता रमाबाईंनी वाचलं होतं आणि मुक्ती मिशन उभारताना त्याचा आदर्श त्यांच्यापुढे होता, असं त्यांनीच लिहिलंय.

रमाबाई स्वतः कुठे सरळ ओळीत बसणाऱ्या! १८८३ला वाँटेजला अँग्लिकन, म्हणजे त्या सरकारी चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच त्रैक्यावरून तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी गोष्ट निघाली तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी मोडता घातला. मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचं जोखड टाकलंय, आता दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी खणखणीत लिहून कळवलं. चेल्टनहॅम ब्रिस्टलहून काही फार लांब नाही.

वाचनमात्र

एक बावळट प्रश्न: न्यू रूम आणि बाकीच्या जागा आत जाऊन बघता येतात का? पुढच्या महिन्यात लेकीकडे येतोय.

भटकी_वाट

न्यू रूममध्ये जरूर जा, वर संग्रहालय आहे, खाली चहा-केक. ब्रॉडमीडला उपासनेच्या वेळी गेलात तर कुणी अडवणार नाही. लेविन्स मीडचं चॅपल आता उपासनेला वापरत नाहीत, बाहेरून बघा. आर्नोज व्हेलला दुपारी जा, छत्रीवर छान ऊन असतं. हे सगळं पायी होतं, आर्नोज व्हेलला तेवढी बस धरा. आणि २४ नोव्हेंबर १९४०च्या बॉम्बहल्ल्यात इथला जुना बाजार जळाला, त्यामुळे आजूबाजूला जुनं काही शोधू नका. नव्या दुकानांमध्ये ही घरं जुन्या दातांसारखी उरली आहेत.

गिरगावचा_गणू

सगळं झालं, पण कुकरच्या रिंगेचं काय? स्टेपलटन रोडला देशी दुकानं आहेत असं माझा भाचा म्हणतो, तिथे बघा.

भटकी_वाट

मिळाली, गणू! तिथेच, मसाल्यांच्या मागच्या फळीवर. येताना लक्षात आलं की हाच रस्ता पुढे स्टेपलटनला जातो. राममोहन गेले ते स्टेपलटन, आणि डॉरथीच्या घरी जमलेल्या पाचांतला अ‍ॅटकिन्सही तिथलाच. रिंग पर्समध्ये घालून थोडं पुढे चालत गेले, पण पाऊस आला.